एकतीस क्रमांकाचा तास

निवृत्तीनंतर सात वर्षांनी मला पुन्हा नोकरी लागली. मी ती मागितली नव्हती.

मुलुंडच्या ज्या मराठी शाळेत मी मुख्याध्यापक होतो, ती आता बंद झाली आहे. तिथली एक विद्यार्थिनी पुढे कांदिवली पूर्वेच्या एका मोठ्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेची मुख्याध्यापिका झाली. शाळेत असताना तिला मी दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते. तिने मला भेटायला बोलावले, चहा दिला आणि सांगितले की त्यांच्या विश्वस्तांनी एक नवे पद निर्माण केले आहे. पदाचे नाव इंग्रजीत होते व बरेच लांब होते. 'विविधता, समन्याय आणि समावेशन प्रमुख' असे त्याचे मराठी मी नंतर केले. त्याची पाटी तयार होऊन आली तेव्हा ती माझ्या खोलीच्या दारापेक्षा रुंद निघाली. सुताराने विचारले, तिरकी बसवू का. मी ती भिंतीवर लावायला सांगितली.

या विषयातले मला काही कळत नाही, असे मी मुख्याध्यापिकेला स्पष्ट सांगितले होते.

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं," ती म्हणाली. "सर, तुम्ही कधी कोणाला सूट दिली नाहीत. नगरसेवकाच्या मुलाला नाही, शिपायाच्या मुलाला नाही. इथं सगळे एकमेकांना सूट देतात. त्यात काही मुलं मागं राहतात, आणि ती कोणती हे ठरलेलं आहे."

हे मला पटले. ते अर्धेच बरोबर होते, हे कळायला फेब्रुवारी उजाडावा लागला.

या शाळेत पहिलीच्या पाव जागा सरकारी सोडतीतून भरल्या जातात. तसा कायदा आहे. शिक्षकांच्या खोलीत त्या मुलांना 'लॉटरीवाले' म्हणत. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते. शब्द मात्र वाईट होता. पहिल्याच आठवड्यात मी ठरवले की हा शब्द आपल्याला ऐकू येत नाही. कोणी येऊन सांगे, सर, ते लॉटरीवाले दोघे आज आलेले नाहीत. मी कागदावरून डोके वर काढत नसे. तेच पुन्हा सांगितले जाई, जरा मोठ्याने. तरी नाही. मग मुलांची नावे येत, आणि मग मी विचारी, काय झाले? गणपतीपर्यंत माझ्यासमोर तो शब्द येईनासा झाला. त्याबरोबर नव्या सरांना कमी ऐकू येते अशी बातमीही शाळेत पसरली. एका शिक्षिकेने मोठ्या आपुलकीने मला बोरिवलीच्या एका कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. तो मी ठेवून घेतला.

दुसरीच्या वर्गात एक प्रथा होती. दर शुक्रवारी दहा वाजता दोन पालक येत आणि वीस-वीस मिनिटे आपण काय काम करतो ते मुलांना सांगत. ज्याचे पालक येणार, ते मूल स्वतः केलेले भेटकार्ड घेऊन पुढच्या फाटकावर उभे राही आणि आईला किंवा वडिलांना हाताला धरून वर्गात आणी. प्रथा चांगली होती. ती फक्त दुसरीत होती. तिसरीपासून अभ्यास वाढतो.

मी जुन्या नोंदी काढून पाहिल्या. वैमानिक आले होते, दातांचे डॉक्टर आले होते, जाहिराती करणारे, बँकेतले, घरे सजवणाऱ्या एक बाई. सोडतीतून आलेल्या एकाही मुलाचे पालक कधी आलेले नव्हते. वर्गशिक्षिका पंचविशीची, कामसू आणि सरळ मुलगी होती. तिला बोलावून मी कारण विचारले.

"सर, त्यांना अवघडल्यासारखं होईल म्हणून."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"नाही."

"मग कोणाला अवघडल्यासारखं होईल?"

तिने हातातली हजेरीवही मिटली. "मला," ती म्हणाली. असे उत्तर देणारी शिक्षिका मला माझ्या नोकरीत फारशी भेटली नव्हती. मी तिला बसायला सांगितले आणि आम्ही दोघांनी मिळून नियम केला. लिहिला मी. हजेरी क्रमांकाप्रमाणे सर्व पालकांना बोलवावे. चिठ्ठी मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत जावी. वेळ शुक्रवारी दहा. जो येणार नाही त्याचा क्रम गेला. कोणालाही, कोणत्याही कारणाने, दुसरी वेळ मिळणार नाही. हा कागद टंकून मी सूचनाफलकावर लावला. सर्वांना एकच नियम. मला तो आवडला होता. जाता-येता मी तो वाचीत असे.

नियम चांगला चालला. रिक्षा चालवणारे एक वडील आले. खाकी शर्टाला कडक इस्त्री होती. त्यांनी मीटर कसा चालतो ते सांगितले आणि काही शंका आहेत का असे विचारले. पंधरा हात वर झाले. शंका एकच होती: रिक्षावाले जवळचे भाडे का नाकारतात? गृहस्थांना घाम फुटला. शेवटी त्यांनी वर्गाला वचन दिले की या वर्गातले कोणीही दिसले तर ते नाही म्हणणार नाहीत. त्यानंतर अनेक दिवस शाळा सुटताना त्यांच्या रिक्षेभोवती मुलांची गर्दी असे. ते मागच्या गल्लीत रिक्षा लावू लागले.

पुढे एक आई आली. ती समोरच्या मनोऱ्यात चार घरी स्वयंपाक करते. ती बोलायला उभी राहताच पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "या तर आमच्याकडे पोळ्या करतात." वर्गशिक्षिकेने माझ्याकडे पाहिले. मी मागच्या बाकावर बसलेलो असे. मी हललो नाही.

"हो, करते," ती आई म्हणाली. "आणि तू कडा टाकतोस. मी बघते ताटात."

वर्ग हसला. तो मुलगाही हसला. नंतर तिने पोळी का फुगते, हे हवेत हात फिरवून असे समजावले की त्या दिवशी डब्यातल्या पोळ्या मुलांनी उघडून आत पाहिल्या.

तक्रारीही आल्या. चौदा क्रमांकाची आई प्रसूतीची डॉक्टर होती. तिच्या शुक्रवारी सकाळीच एक बाई अडली आणि तिला यायला जमले नाही. तिने फोन करून दुसरी वेळ मागितली. मी नियम वाचून दाखवला.

"सर, त्या बाळाला शुक्रवार माहीत नव्हता," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होता," मी म्हटले.

तिने फोन ठेवला. डॉक्टरलाही सूट दिली नाही याचे मला त्या दिवशी समाधान वाटले होते. हे लिहिणे आवश्यक आहे, म्हणून लिहितो.

फेब्रुवारीत एकतीस क्रमांक आला. ती मुलगी सोडतीतून आलेली, किरकोळ अंगाची, कमी बोलणारी. तिचे वडील साकीनाक्याला एका लहान कारखान्यात होते. ते काय करतात असे मुलांनी विचारले तर ती म्हणे, पत्रा कापतात. याच्या पुढचे तिला सांगता येत नसे. त्यामुळे पत्रा म्हणजे छपराचा, की डब्याचा, आणि कापतात म्हणजे कात्रीने का, असे प्रश्न वर्गात वर्षभर चालू होते. माझे पप्पा आले की दाखवतील, एवढेच तिचे उत्तर.

त्या शुक्रवारी पावणेदहापासून ती फाटकावर उभी होती. वेण्यांना नव्या रिबिनी होत्या. हातात भेटकार्ड होते. मी जाता जाता ते पाहिले. मधे एक खांब, त्यावर आडवी दांडी, दांडीच्या दोन टोकांना दोन गोळे. मला तो तराजू वाटला. वडील दुकानात असतात का, असे मी विचारले. ती नाही म्हणाली, आणि कार्ड उलटे धरून उभी राहिली.

वडील आले नाहीत. दहा वाजून दहा मिनिटांनी वर्गशिक्षिकेने तिला वर नेले. बत्तीस क्रमांकाच्या वडिलांना, ते घरे विकतात, आयती चाळीस मिनिटे मिळाली. त्यांनी ती सगळी वापरली.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती माझ्या खोलीच्या दारात आली. लहान मुले माझ्या खोलीत सहसा येत नाहीत.

"सर, माझ्या पप्पांचा नंबर गेला का?"

"हो."

"परत कधी येणार?"

"पुढच्या वर्गात पाहू," मी म्हटले.

"पुढच्या वर्गात हा तास नसतो."

मी समोरचे कागद सरळ केले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग पाहू का म्हणालात?"

ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली. घंटा झाली तेव्हा ती गेली. तिच्या वडिलांच्या वाट्याची वीस मिनिटे या वर्षी मिळाली नाहीत तर कधीच मिळणार नव्हती, आणि ती माझ्या कागदाने गेली होती.

बुधवारी मी साकीनाक्याला गेलो. प्रवेशाच्या कागदांत कारखान्याचा पत्ता होता. मुख्य रस्त्यावरून आत वळले की गाळ्यांची रांग लागते. एकात काच कापतात, एकात खोके चिकटवतात, एकात काय करतात ते बाहेरून कळत नाही, नुसता आवाज येतो. हा गाळा आवाजाचा होता. आत तीन यंत्रे धडधडत होती. मालकाच्या टेबलामागे त्याचे देव होते, आणि मधल्या यंत्राच्या वर, भिंतीवर, निळ्या कोटातली तसबीर. त्या यंत्रावरचा माणूस मला पाहून उठला. जूनमध्ये मुलीला शाळेत सोडायला आला होता तेव्हा मी त्याला पाहिले होते.

"सर? पोरीनं काय केलं?"

"काही नाही."

"नाव काढताय का तिचं?"

"नाही. तुम्ही शुक्रवारी आला नाहीत, म्हणून मी आलो."

त्याने मला एका पालथ्या पिंपावर बसवले आणि समोरून चहा मागवला. त्याचे गाव बुलढाण्याकडचे. वडील मुंबईत आले तेव्हापासून हे कुटुंब इथेच. शुक्रवारचे कारण सरळ होते. दर शुक्रवारी दुपारी माल न्यायला गाडी येते आणि सकाळी कोणालाही यंत्र सोडता येत नाही. हे त्याने चिठ्ठीच्या मागे लिहून पाठवले होते. ती चिठ्ठी मुलीने शाळेत दिली नाही. दिली तर नंबर जाईल असे तिला वाटले.

"पण खरं सांगू का सर," तो म्हणाला, "शुक्रवार नसता तरी मी आलो नसतो. मी येऊन काय करणार? मशीन इथं. तिथं जाऊन मी नुसता बोलणार, आणि बोलता मला येत नाही."

बोलताना त्याचा डावा हात फडक्याखाली होता. चहा घेताना फडके सरकले. दोन बोटे मधल्या पेरापर्यंतच होती. मी पाहिले हे त्याने पाहिले.

"आणि हे पण आहे," तो म्हणाला. "पोरं घाबरतील. मग तिला काहीबाही बोलतील."

मी चहा संपवला. माझे वडील कापड गिरणीत होते. ते माझ्या शाळेत कधी आले नाहीत. बोलावणे आले असते तर तेही काय बोलले असते, मला माहीत नाही; पण साच्यावर तुटलेला धागा ते कसा जोडत, हे मी एकदा पाहिलेले आहे. आमचा शुक्रवारचा तास बोलणाऱ्यांसाठी केलेला होता. रिक्षावाला बोलू शकला, पोळ्या करणारी बोलू शकली, म्हणून ते पार पडले. सर्वांना एकच दार ठेवले म्हणजे न्याय झाला असे मी समजत होतो. दार किती उंचीचे आहे, ते मी मोजले नव्हते.

उठताना मला कोपऱ्यात ते दिसले. मधे लोखंडी खांब, वर आडवी दांडी, दांडीच्या दोन टोकांना दोन गोळे.

"हे काय?"

"ते जुनं आहे. बॉल प्रेस. हातानं फिरवायचं. लाइट गेली की काढतो." त्याने फडके टाकले आणि पितळेची एक पट्टी खाली सरकवली. दोन्ही हातांनी दांडीला झोका दिला. गोळे गरकन फिरले, आणि खाली पट्टीतून एक चकती सुटून पडली, शेपूट असलेली. ती त्याने माझ्या तळहातावर ठेवली. "शिट्टीची बाजू. अशा दोन, मधे वळवलेला पत्रा, आत मणी. आपण शिट्ट्याच करतो ना इथं. मागं सुट्टीत पोरगी आली होती तेव्हा तिनं फिरवलं होतं हे."

"पत्रा कापतात, एवढंच ती सांगते."

"शिट्टी सांगितली तर पोरं म्हणतील, आण. आणायची कुठून? माल मालकाचा."

मालक टेबलावरून ऐकत होते. जाडजूड, वयस्कर गृहस्थ. मी विचारले की हे यंत्र एक दिवस उचलून नेता येईल का.

"न्या की," ते म्हणाले. "भंगारवाला पण नेत नाही त्याला. चौघं लागतील. पण शुक्रवार सोडून. आणि संध्याकाळी परत. माझा माणूस पण परत, नाहीतर तुम्ही तिथं ठेवून घ्याल."

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावरचा माझा कागद मी माझ्या हाताने काढला. मुख्याध्यापिका मागून येऊन उभी राहिली. विद्यार्थिनी असतानाही तिला अशा वेळी नेमके हजर राहण्याची सवय होती.

"सर, तुम्ही सूट देताय?"

"नाही. नियम चुकला होता. दुरुस्त करतोय."

"कुठं चुकला?"

"वाच." नवा कागद मी तिच्या हातात दिला. त्यात दोनच गोष्टी होत्या. कोणता दिवस जमेल ते पालकांनी सांगावे. आणि काम सांगता येत नसेल तर दाखवावे. दाखवायला जे लागेल ते आणण्याची सोय शाळेने करावी.

तिने तो दोनदा वाचला. "म्हणजे मला तुम्ही दोनदा बाहेर उभं केलंत, ते पण आता—"

"ते बरोबर होतं," मी म्हटले.

एकाचा क्रम परत दिला तर दुसऱ्याचाही द्यायला हवा. मी डॉक्टर बाईंना फोन केला आणि चूक माझी होती असे सांगितले. त्यांनी डायरीची पाने उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मला मंगळवार चालेल, सर. पण बाळांचं मी अजूनही सांगू शकत नाही." मी म्हटले, बाळे आली तर बुधवारी या.

एकतीस क्रमांकासाठी त्याच्या पुढचा मंगळवार ठरला. मी मुलीला बोलावून सांगितले. तिने विचारले, नक्की? मी म्हटले, मी 'पाहू' म्हटलेले नाही. ती जाताना दार लोटून घ्यायला विसरली नाही.

त्या दिवशी सकाळी ती पुन्हा पावणेदहाला फाटकावर उभी राहिली. कार्ड तेच होते. दहा वाजले. दहा वाजून पाच मिनिटे झाली. वर्गशिक्षिका जिन्यात येऊन माझ्याकडे पाहू लागली. मुलगी रस्त्याकडे पाहत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही. तिचे कोपर कार्डावर घट्ट दाबलेले होते. दहा वाजून दहा मिनिटे झाली, आणि मला सुचायला हवे होते ते तेव्हा सुचले. मी इमारतीला वळसा घालून मागच्या फाटकाकडे गेलो.

टेम्पो तिथे उभा होता. आमच्या शाळेत माल मागच्या फाटकाने येतो, आणि पहारेकऱ्याने नियमाप्रमाणे टेम्पो तिकडे पाठवला होता. पाठवताना त्यातला माणूसही पाठवला. चार शिपायांनी यंत्र उतरवले होते. पहारेकरी वहीत लिहीत होता: एक नग, लोखंड. त्या नगाला टेकून आमचा पाहुणा उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, डावा हात खिशात.

"तुम्ही पुढच्या फाटकाने यायचं," मी म्हटले. "मुलगी तिथं उभी आहे."

"सर, मशीन सोडून कसा जाऊ? मालकाचं आहे. माझ्या नावावर आणलंय."

"मी थांबतो इथं."

"तुम्ही?"

"जा."

तो धावतच गेला. मी पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसलो आणि दांडीवर हात ठेवला. पहारेकरी अवघडला. त्याने विचारले की वहीत पुढे काय लिहू. मी म्हटले, जे लिहिले आहे ते खोड आणि 'पाहुण्यांचे सामान' असे लिही.

पुढच्या फाटकावर काय झाले ते मी पाहिले नाही. वर्गशिक्षिकेने नंतर सांगितले, की मुलीने कार्ड दिले, शर्टाची बाही धरली आणि एवढेच म्हणाली, "पप्पा, उशीर झाला की सर नंबर काढून घेतात."

लिफ्ट यंत्राला पुरली. माणसे जिन्याने गेली. यंत्र वर्गाच्या मधोमध एका जाड फळीवर उभे राहिले. तो त्याच्याशेजारी उभा राहिला आणि गप्पच राहिला. एक मिनिट गेले. मागच्या बाकावरून मी अर्धा उठलो.

"पप्पा, आधी रेघ," मुलगी म्हणाली.

तेव्हा त्याने खिशातला हात बाहेर काढला, खडू घेतला आणि यंत्राभोवती रेघ ओढली. "या रेघेच्या आत कोणी पाऊल टाकलं तर मशीन बंद," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. अडतीस मुले रेघेच्या बाहेर सरकली आणि तिथेच राहिली. एवढ्या कमी शब्दांत एवढी शिस्त मला कधी साधली नव्हती.

पहिल्या बाकावरचा तो पोळीच्या कडा टाकणारा मुलगा हाताकडे पाहत होता. तो विचारणार हे मला दिसत होते. वर्गशिक्षिका पुढे झाली. मी तिला हाताने थांबवले.

"काका, तुमची बोटं कुठं गेली?"

"मशीननं घेतली. मी मशीनकडे बघत नव्हतो, बाजूच्याशी गप्पा मारत होतो."

"दुखतात?"

"आता नाही."

"मग काय होतं?"

त्याने डावा हात नाकाकडे नेला. "नाक खाजवायला दुसरा हात लागतो," तो म्हणाला.

वर्गाने छप्पर डोक्यावर घेतले. मुलगी सर्वांत उशिरा हसली, पण हसली. हसणे थांबल्यावर तो म्हणाला, "म्हणून रेघ." आणि मग काम सुरू झाले.

एकेकाला त्याने रेघेच्या आत घेतले. मुलाचे हात दांडीवर, त्यांवर त्याचे दोन्ही हात. झोका, गोळे, आणि खाली चकती. प्रत्येक चकतीवर सुईने तो हजेरी क्रमांक ओरखडत होता. क्रमांक मुलगी सांगत होती. सगळ्यांचे क्रमांक तिला पाठ होते. वीस मिनिटांत सात मुले झाली. पुढचा तास गणिताचा होता. गणिताच्या शिक्षिका दारात आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि त्यांनी विचारले की मोठ्यांना फिरवायला देतात का. गणित झाले नाही.

अडतीस झाल्या. तो पट्ट्या गोळा करू लागला.

"सर राहिले," मुलगी म्हणाली.

मी म्हटले, मला नको. वर्गातल्या कोणालाही ते पटले नाही. मी उठून रेघेपाशी गेलो आणि आत येऊ का, असे विचारले.

"या, सर. हात इथं. बघायचं खाली, माझ्याकडे नाही."

मी झोका दिला. चकती पडली. त्याने ती उजेडात धरून पाहिली. "वाकडी आली," तो म्हणाला. "चालेल."

"सरांना नंबर नाही," कोणीतरी म्हणाले.

"अडतीसनंतरचा द्या," मुलगी म्हणाली. त्याने तो ओरखडला.

संध्याकाळी यंत्र मालकाकडे परत गेले. या वेळी टेम्पो पुढच्या फाटकाने बाहेर पडला, कारण पहारेकऱ्याने स्वतःहून ते उघडले. चकत्या एका डब्यात घालून त्याने सोबत नेल्या. गाळ्यात फावल्या वेळी तो त्या कथिलाचा डाग देऊन जोडणार होता. पितळ मालकांनी आपल्याकडून दिले.

पुढच्या सोमवारी मुलगी तो डबा घेऊन आली. आठ वाजून वीस मिनिटांनी प्रार्थनेची घंटा होते. आठ वाजून एकोणीस मिनिटांनी दुसरीच्या वर्गातून अडतीस शिट्ट्या एकदम वाजल्या. खेळाच्या मैदानावर पाचवीचा वर्ग जागच्या जागी थांबला. चौथ्या मजल्यावर साडेसातला सुरू झालेली परीक्षा चालू होती. मुख्याध्यापिका तिच्या खोलीतून बाहेर आली, मी माझ्या. व्हरांड्यात कानाच्या डॉक्टरांचा पत्ता देणाऱ्या शिक्षिका उभ्या होत्या. त्यांनी अतिशय गंभीरपणे विचारले, "सर, आता येतंय ना ऐकू?"

मी म्हटले, येते.

शिट्ट्यांसाठी नियम करावा लागला. तो मी लिहिला नाही; दुसरीच्या वर्गाला लिहायला दिला. शिट्टी कुठवर वाजवायची, त्याची खडूची रेघ कुठे ओढायची, यावर त्यांचा वाद दोन दिवस चालला. पत्रा कापतात म्हणजे काय, हे मात्र त्या मुलीला आता कोणी विचारत नाही.

माझी शिट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर एकोणचाळीस लिहिलेले आहे, आणि ती एका बाजूने किंचित वाकडी आहे. एके दिवशी शाळा सुटल्यावर, दार लावून, मी ती एकदा वाजवून पाहिली.

वाजते.